मित्रमंडळींनी मिळून घरं बांधली, आता एकीला रोज माणूस लागतंय. कोणी किती करायचं?

चाफेकळी:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वेळ असेल त्यांनीच वाचा.

आम्ही नऊ कुटुंबं, बहुतेक सगळे एकाच बँकेतले, रिटायरमेंटच्या आसपास तळेगावकडे एकत्र जागा घेतली आणि छोटी छोटी घरं बांधली. मध्ये एक मोठा हॉल आणि सामायिक स्वयंपाकघर, रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकत्र, पोळ्यांना बाई येतात, बागेचं ज्याला जमेल तो बघतो. वृद्धाश्रमात जायचं नाही, मुलांच्या गळ्यात पडायचं नाही आणि फ्लॅटचं दार लावून टीव्हीसमोर बसायचं नाही, एवढाच विचार होता, त्यापुढचा कोणी केला नव्हता.

इतकी वर्षं मजेत गेली. आता आमच्यातल्या एक ताई आहेत, वय ७८, मिस्टर गेले, मूलबाळ नाही, पुतण्या नाशिकला असतो. पार्किन्सन्स आधीपासून होतंच, त्यात दिवाळीनंतर बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकरवर चार पावलं टाकतात पण अंघोळ, संडास, कपडे, गोळ्या सगळ्याला कोणीतरी हवं, रात्री दोनतीनदा उठवावं लागतं. डोकं मात्र एकदम शाबूत, शब्दकोडं अजून पेनानेच सोडवतात.

सुरुवातीला काय उत्साह होता सगळ्यांचा! व्हॉट्सॅपवर तक्ता केला, सकाळी कोण दुपारी कोण रात्री कोण. मग हळूहळू "आज जमणार नाही" सुरू झालं, कोणाची लेक आलीय, कोणाला चक्कर येतेय, आणि पुरुषमंडळी तर पहिल्यापासून "औषधं आणून देतो" याच्या पुढे गेलीच नाहीत. आता उरलो आम्ही दोघीच, मी आणि शेजारच्या वहिनी. वहिनी स्वतः ७२च्या आणि माझी कंबर रात्री झोपू देत नाही.

परवाच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाले, आपण मित्र म्हणून राहायला आलो, नर्सिंग होम चालवायला नाही. लगेच दुसरे उसळले, आज त्यांच्यावर आलंय उद्या तुमच्यावर येईल तेव्हा कळेल. मला तर दोघांचंही पटतं, तीच पंचाईत आहे. ताई स्वतः म्हणतात मला कुठेतरी नेऊन ठेवा, आणि मग आमच्यातलं कोणी दिवसभर धड जेवत नाही.

बाहेरची बाई ठेवायची तर पगार ताईंनी द्यायचा का आपल्या कॉमन फंडातून, ती राहणार कुठे, आणि "आता यापुढे आमच्याने होणार नाही" हे माणसाने कधी आणि कोणत्या तोंडाने म्हणायचं? तुमच्यापैकी कोणी असं एकत्र राहत असेल किंवा बघितलं असेल तर प्लीज लिहा.

कोथरूडचा सेक्रेटरी:
पगार कॉमन फंडातून अजिबात देऊ नका. हे मी दुष्टपणाने नाही सांगत. आमची चाळीस वर्षं जुनी सोसायटी, निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे, हा विषय आमच्याकडे दरवर्षी येतो. आज एका ताईंचा पगार फंडातून दिलात की पुढच्या वर्षी अजून दोघांना माणूस लागेल, त्यातल्या एकाचा मुलगा अमेरिकेत लाखोंनी कमावणारा असेल, मग तो का देत नाही यावरून जी भांडणं होतील त्यात तुमचं रात्रीचं एकत्र जेवण पहिलं बंद पडेल. आणि खर्च काही थोडाथोडका नाही, २४ तासांची बाई ब्युरोकडून घेतली की महिन्याला तीस हजाराच्या आसपास सहज जातात, वर डायपर वगैरे वेगळं.

फंडातून काय करायचं, तर जे सगळ्यांच्या उपयोगी पडतं ते. पायरीऐवजी रॅम्प, बाथरूममध्ये धरायला दांडे, एक व्हीलचेअर, एक कमोड चेअर, बेल. आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसत नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जिन्याने उतरवलं होतं, त्यानंतर कमिटीला जाग आली. तुमची घरं तळमजल्यावर आहेत, तुम्ही नशीबवान.

फिजिओ_घरपोच:
चाफेकळी ताई, कंबर गेली वाचलं आणि लगेच लॉगिन केलं. मी घरी जाऊन फिजिओथेरपी देते, माझे निम्मे पेशंट म्हातारे आणि उरलेले त्यांना उचलून उचलून कंबर मोडून घेतलेले घरचे लोक. सत्तरीच्या बाईने सत्तरीच्या बाईला कमोडवरून उठवू नये. एकीचा तोल गेला की दोघी जातात, आणि तुमचीही हाडं त्याच वयाची आहेत.

पार्किन्सन्समध्ये सगळा खेळ गोळीच्या वेळेचा असतो. गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्यापाऊण तासाने शरीर सैल होतं, ती वेळ अंघोळीला आणि चालायला वापरायची. बहुतेक घरात उलटं चालतं, सकाळी बाई आठला येते म्हणून आठला अंघोळ, तेव्हा ताई लाकडासारख्या कडक असतात आणि बाई म्हणते या ऐकतच नाहीत. दारात आलं की पाय जमिनीला चिकटतात ना त्यांचे? तिथे ओढायचं नाही. उंबऱ्याच्या अलीकडे पलीकडे रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवा आणि पट्टी ओलांडा म्हणून सांगा, किंवा एक दोन एक दोन मोजा, पाय सुटतो. उठवताना काखेत हात घालून खेचायचं नाही, कमरेला पट्टा मिळतो तो बांधून त्याला धरायचं, आणि झोपेतून उठवलं की पलंगाच्या कडेला पाय सोडून जरा वेळ बसवायचं कारण यांचं बीपी उभं राहताना धाडकन खाली येतं. बऱ्याचदा बाथरूममध्ये पडतात ते यामुळे. रात्री बाथरूमपर्यंत नेऊच नका, पलंगाशेजारी कमोड चेअर ठेवा. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर सुताराकडून बाहेर उघडणारं करून घ्या, आत पडलेलं माणूस दाराला अडकून बसलं की दार तोडावं लागतं.

हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं की अंघोळ, संडास, उचलणं आणि रात्र ही शिकलेल्या माणसाची कामं आहेत, प्रेमाची नाहीत. ती पगारी बाईकडे द्या. ताईंनाही तेच बरं वाटेल, जिच्यासोबत काउंटरवर वीस वर्षं काढली तिच्याकडून धुऊन घेताना कोणाला लाज नाही वाटणार? मोकळेपणाने विचारून बघा त्यांना.

शंकासुर:
म्हणजे शेवटी पैसे मोजून बाईच ठेवायची! मग एवढा एकत्र राहण्याचा घाट कशाला घातला? हे तर सदाशिव पेठेतल्या वन बीएचकेमध्ये पण होतं. आज त्यांची उद्या आपली वगैरे सगळं जेवणाच्या टेबलावर बोलायला छान असतं.

ठाण्याची लेक:
@शंकासुर, वन बीएचकेमध्ये काय होतं ते मी सांगते कारण माझी आई ठाण्याला तशीच होती. मी बंगलोरला, दिवसाची एक बाई रात्रीची एक बाई, दोघी ब्युरोच्या. फोनवर सगळं छान छान. एकदा न सांगता गेले तर दुपारचे दोन वाजलेले, आईने सकाळपासून चहाबिस्किटावर काढलेलं, दंडावर काळानिळा डाग, आणि बाई बेडरूममध्ये एसी लावून मोबाईलवर. आई मला फोनवर काही बोलायची नाही कारण बाई समोरच उभी असायची. कॅमेरा लावला, त्यात जे दिसायला हवं ते दिसत नाही, कोणी ओरडून बोललं, ताट तसंच परत नेलं, डायपर चार तास बदललं नाही, कॅमेरावाल्याला काय कळणार.

शेजारी दिवसातून चार वेगवेगळ्या वेळी सहज डोकावत असते तर हे आठवड्याभरात उघडं पडलं असतं. चाफेकळी ताई, तुमच्याकडे नऊ घरांचे डोळे आहेत. आणि ताईंना रात्रीच्या जेवणाला हॉलमध्ये खुर्चीत आणून बसवणार ना तुम्ही, त्याला काय किंमत आहे ते मला विचारा. माझ्या आईशी शेवटचे आठ महिने बाई सोडून समोरासमोर कोणी बोललं नव्हतं.

डेव्हिसकर:
मी कॅलिफोर्नियात डेव्हिसला असते. तुमच्यासारखं ठरवून शेजार करायची इथे बरीच जुनी पद्धत आहे, मूळची डेन्मार्कची, तिथली पहिली अशी वसाहत १९७२ची. अमेरिकेतली पहिली आमच्याच गावात, १९९१मध्ये. आणि इथेच ग्लेशियर सर्कल म्हणून आठ घरांचा एक गट आहे, ती मंडळी तुमच्यासारखीच, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी, बहुतेक सत्तरी ओलांडलेली, त्यांनी २००५च्या सुमारास घरं बांधली. त्यांनी एक गोष्ट पहिल्या नकाशातच घातली, कॉमन हाउसच्या वर एक छोटी खोली, गरज पडली की नर्सने कमी भाड्यात तिथे राहावं म्हणून. त्यामुळे बाई राहणार कुठे हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ताईंच्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपवलीत तर चांगली बाई टिकणार नाही. तिला दार लागणारी खोली, कपाट आणि वेळेवर जेवण द्या. शिवाय उद्या दुसऱ्या कोणाला लागलं तर खोली आहेच.

व्हर्जिनियात अॅबिंग्डनला एल्डरस्पिरिट नावाची वसाहत आहे, तिथे प्रत्येक जण धडधाकट असतानाच शेजाऱ्यांपैकी आपला समन्वयक कोण ते नेमून ठेवतो. सेवा करणारा नव्हे हं, डॉक्टरांचं काय म्हणणं आहे, माणूस आलं का, घरच्यांना कोणी कळवलं, हे बघणारा. लंडनला हाय बार्नेटमध्ये पन्नाशीपुढच्या बायकांनी २५ घरांची इमारत उभी केली, २०१६मध्ये राहायला गेल्या, त्यांच्यातही प्रत्येकीच्या तब्येतीची खबर ठेवणाऱ्या मैत्रिणी ठरलेल्या असतात, पण एकमेकींची शुश्रूषा करायची नाही हे पहिल्यापासून स्पष्ट आहे. यात कोणाला कोरडेपणा वाटत नाही. उलट अंगावर काय येणार ते माहीत असल्याने लोक हात आखडता घेत नाहीत. तुमच्या तक्त्याचं जे झालं ते याच्या बरोबर उलटं, सीमा नव्हती म्हणून लोक हळूच मागच्या दाराने निघून गेले.

पैशाच्या बाबतीत मात्र परदेशाकडे बघू नका. डेन्मार्कमध्ये नगरपालिकेची माणसं घरी येऊन अंघोळ वगैरे घालतात, कायमची गरज असेल तर फुकट, त्यामुळे शेजाऱ्यांवर ती वेळच येत नाही. आमच्याकडे मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, अशा रोजच्या देखभालीचे पैसे देत नाही, तासाला तीसेक डॉलर खिशातून जातात आणि लोक घर विकून मोकळे होतात.

आणि कधी म्हणायचं ते. आत्ता म्हणायचं, ताई बरोबर बसलेल्या असताना, आणि ताईंबद्दल नाही, नऊच्या नऊ घरांबद्दल. आम्ही काय करू: जेवण, सोबत, डॉक्टरकडे नेणं, बाईवर लक्ष, तिची सुट्टी असेल तेव्हा काही तास. काय करणार नाही: अंघोळ, संडास, रात्रपाळी, इंजेक्शनं. आणि कोणत्या परिस्थितीत दुसरीकडे हलवायचं, म्हणजे उचलायला एका वेळी दोन माणसं लागायला लागली, किंवा रात्री उठून बाहेर निघून जाण्याइतका विसरभोळेपणा आला, किंवा पैसे असूनही महिनाभर माणूसच मिळालं नाही. एका कागदावर लिहून सगळ्यांनी सही करा. बारशाला आणि बाराव्याला कोणी काय करायचं हे आपल्याकडे ठरलेलं असतंच की, मधलंच तेवढं राहून गेलंय.

नोटरीवाला:
कायद्याचं थोडं लिहितो, घोंगडं भिजत ठेवू नका कारण ताईंचं डोकं शाबूत आहे तोवरच यातलं बरंचसं होतं आणि पार्किन्सन्समध्ये पुढे विस्मरण येऊ शकतं.

लोक मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की संपतं, करार कायद्याचं कलम २०१ बघा. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा ते कागदाचा तुकडा. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. त्यामुळे रोजच्या खर्चाचं खातं पुतण्याबरोबर जॉइंट करा, दोघांपैकी कोणीही काढू शकेल असं, आणि त्यात मोठी रक्कम ठेवू नका. तुमच्यापैकी कोणी त्या खात्यावर नाव लावू नका, पुढे पुतण्याची बायको काय म्हणेल सांगता येत नाही. हिशोबाची वही मात्र तुम्ही ठेवा आणि दर महिन्याला त्याला फोटो पाठवा.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर वगैरे हवं की नको ते ताई आत्ताच लिहून ठेवू शकतात. सुप्रीम कोर्टाने २०१८ला हे मान्य केलं पण पद्धत फार किचकट होती, २०२३मध्ये सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. ताईंना स्वतः सांगता येत नसेल तेव्हा डॉक्टरांनी कोणाला विचारायचं त्याचं नाव त्यातच घालता येतं. मृत्युपत्र वेगळं करा, आणि ज्याला त्यातून काही मिळणार त्याला साक्षीदार करू नका.

पुतण्याने हात वर केले तर २००७चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. मूलबाळ नसलेल्यांच्या बाबतीत, जो वारस त्यांची मालमत्ता घेणार किंवा घेऊन बसलाय त्याच्यावर सांभाळायची जबाबदारी येते. पण त्यात जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये मिळू शकतात, तेवढ्यात बाईचा अर्धा पगारही निघत नाही, म्हणून भांडायच्या आधी चहाला बोलवा. आणि घर आहे पण हातात रोकड नाही अशी स्थिती असेल तर बँका रिव्हर्स मॉर्गेज देतात, म्हणजे राहतं घर तारण ठेवून त्यावर खर्चाला पैसे, तुमची जमीन सामायिक नावावर असेल तर ते जमेल का हे आधी बँकेत विचारा. बँकवाल्यांना मी काय सांगणार म्हणा.

चाफेकळी:
बापरे, एवढं सगळं! दोनदा वाचलं, वहिनींनाही वाचून दाखवलं. फिजिओ ताई, टेपच्या पट्ट्या आज सकाळीच चिकटवल्या, उंबऱ्याशी मोजलं आणि खरंच पाय सुटला, ताई स्वतःच हसल्या. लाजेचं पण विचारलं. म्हणाल्या, तुम्ही दोघी रागवाल म्हणून बोलले नाही, मला पहिल्यापासून बाईच हवी होती. घ्या!

गेस्ट रूम आहे आमची हॉलच्या बाजूला, मुलंबाळं आली की वापरतो, ती बाईसाठी मोकळी करायची म्हटलं तर दोन घरं नाराज आहेत, उन्हाळ्यात नातवंडं कुठे झोपणार म्हणून. आणि एक विचारायचं राहिलं, पुरुषमंडळींना कामाला कसं लावायचं? खरंच विचारतेय.

कोथरूडचा सेक्रेटरी:
नातवंडं हॉलमध्ये गाद्या घालून झोपतील, त्यांना तेच आवडतं.

पुरुषांना "मदत करा" म्हणू नका, खातं द्या. एकाकडे ब्युरो: माणूस बदलायचं, पोलीस व्हेरिफिकेशन, आधारची कॉपी, पगाराची पावती. एकाकडे औषधांचा स्टॉक, पार्किन्सन्सच्या गोळ्या संपून चालत नाहीत. एकाकडे बँक आणि पेन्शन, नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, आणि सत्तरीपुढच्यांना बँकेने घरी येऊन सेवा द्यायची सोय आहे ती मागून घ्या. तुम्ही सगळे बँकेतले, कोणता फॉर्म कुठे भरायचा यात त्यांचा उत्साह बघाच. ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन पण एकाच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

फिजिओ_घरपोच:
अजून एक, बाई आली की पहिले काही दिवस वहिनींनी नुसतं शेजारी उभं राहायचं, स्वतः हात लावायचा नाही, नाहीतर बाई बाजूला आणि वहिनीच परत कंबर वाकवतील. ताईंना काय आवडतं ते ताईंनीच बाईला सांगू दे. एक वही पलंगाशी बांधून ठेवा, गोळी किती वाजता दिली, काय खाल्लं, पोट साफ झालं का, रात्री किती वेळा उठल्या. ब्युरोवाले माणसं बदलत राहतात, वही असली की नवीन बाईला पहिल्या दिवसापासून कळतं आणि डॉक्टरांनाही ती दाखवता येते. खाताना ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, घाई नाही, ठसका वाढला तर लगेच डॉक्टरांना सांगा. आणि बाईला आठवड्याची सुट्टी हवीच. त्या दिवशी बदली बाई मागवा, सुट्टीच्या नावाखाली अंघोळ परत तुमच्या दोघींवर येऊ देऊ नका.

शंकासुर:
ठाण्याची लेक, वाचलं तुमचं. माझी आई पण एकटीच असते, चिपळूणला. असो. चाफेकळी, तो सह्यांचा कागद तयार झाला की नावं काढून इथे टाकाल का?

चाफेकळी:
टाकते की. बुधवारी पुतण्या येतोय, नोटरी पण बोलावलाय, "नर्सिंग होम नाही" म्हणणाऱ्यांनीच ब्युरोचं खातं मागून घेतलंय आणि काल तीन ब्युरोंना फोन करून दरांचा एक्सेल पण केला. गेस्ट रूमही मिळाली एकदाची, आता तिथला कॅरम कोणाच्या घरात ठेवायचा यावरून भांडण चालू आहे.